पद्मिनी गाडीच्या खाली पाइप जोडायचा, घरीच

जालनेकर: वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी कार. जॅक लावला की ड्रायव्हरकडचं दार बसतच नाही, बिजागरी नवी टाकूनही. खालून पुढच्या-मागच्या मेंबरला (बॉडीखालच्या लोखंडी दांड्यांना) चौकोनी पाइप वेल्ड करावा म्हणायलोय. जमेल का?

परभणीकर: तिला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, भार सगळा बॉडीवर. आधी दाराखालचा पत्रा पेचकसानं टोचून बघा. गंजावर पाइप चिकटत नसतो.

लातूरवाला: वेल्डिंग करताना गाडी चाकांवरच उभी पाहिजे. मी जॅकवर केली, वाकलेलीच अडकली. दार आजही खांद्यानं लावतो! बॅटरी काढा, गालिचा उचला, पेट्रोलची नळी सांभाळा. लांब टाका नको, इंच-इंच, आलटून पालटून.

जालनेकर: पेचकस मुठीपर्यंत आत गेला राव. पत्रा आणायला चाललो.