कोड, कन्व्हेन्शन आणि ‘रूढी’

मुठाकाठ : पुण्यात माध्यमांच्या मुलांना शिकवते, टिपणं मराठीत करतेय. पॉप म्युझिक व्हिडिओचे ‘कोड्स अँड कन्व्हेन्शन्स’ हे मी ‘संकेत आणि रूढी’ असं लिहिलं. विभागातल्या ज्येष्ठांनी ‘रूढी’वर काट मारली. म्हणे, रूढी म्हणजे केशवपन, गाण्यात कुठून आली? पण दोन्हीला ‘संकेत’ म्हटलं तर मुलांनी गोंधळायचं किती? लाल उजेडातली खोली दिसली की काय समजायचं ते ठरलेलं असतं, हा कोड. गायकाचा क्लोजअप लवकर यायलाच हवा, कट तालावर पडायलाच हवा, हे कन्व्हेन्शन.

जुनाबाजार : दोन्ही संकेतच. कविसंकेत विसरलात का? चातक म्हणे पावसाचंच पाणी पितो. कुणी जाऊन पाहिलंय?

चौथागिअर : कोडला ‘खूण’ म्हणा, मोकळे व्हा.

जुनाबाजार : पाठ्यक्रमात ‘खूण’? फारच घरगुती.

चौथागिअर : घरगुती शब्द चालत नाहीत, म्हणूनच मुलं इंग्रजीत उत्तरं लिहितात.

लाइटवाला : मी शूटिंगला लाइटचं काम केलंय. तिथे संकेत-बिंकेत कुणी म्हणत नाही. ‘प्लेबॅक लाव’ म्हटलं की स्पीकरवर गाणं सुरू. स्लो मोशन हवं असेल तर कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेमवर आणि गाणं दुप्पट वेगात. आवाज चिरका येतो, गायक बिचारा धापा टाकत ओठ जुळवतो आणि सगळं युनिट हसतं. तेच २४ फ्रेमने पाहिलं की चाल संथ, ओठ बिनचूक. बाकी आपल्याकडे प्लेबॅक म्हणजे पार्श्वगायन. तिथे गायक दिसतच नाही, व्हिडिओत तोच समोर! अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ साली आलं, तेव्हा आवाजवाली बाईच पडद्यावर, याचंच आमच्या घरी अप्रूप.

मुठाकाठ : हे वर्गात सांगणार. आणखी एक अडलंय. म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविन याने १९९२मध्ये गाणं आणि चित्राचे तीन संबंध मांडले : चित्र शब्दांचाच अर्थ दाखवतं, त्यात भर घालतं, नाहीतर भलतीकडेच जातं. तिसऱ्याला ‘फारकत’ म्हणू?

जुनाबाजार : फारकत म्हणजे काडीमोड. आधी लग्न लागलेलं असावं लागतं.

चौथागिअर : लागलंय की! चित्र कुठेही भटको, खाली गाणं तेच वाजतंय. कट तालावरच पडतायत.

कसबेकर : फारकत हा ‘फारिग-खत’चा अपभ्रंश. मोकळं केल्याचा कागद.

लाइटवाला : छे, ‘फुर्कत’ म्हणजे विरह, त्यावरून. गझलांत ढिगाने सापडेल.

कसबेकर : आमच्या वाड्याच्या जुन्या कागदांत चक्क ‘फारखती’ आहे, ख सकट.

चौथागिअर : कारकुनाचं शुद्धलेखन पुरावा धरायचं?

कसबेकर : तो कारकून आमचा खापरपणजोबा होता. जपून.