मदत हवी आहे: सात पौंडांचा जुना ड्रेस, कंबर भलत्याच ठिकाणी

थेम्सकाठी
शिवणातल्या जाणकारांनो, जरा मदत करा. इथे रेडिंगमध्ये चॅरिटी शॉपमधून मी सात पौंडांना एक ड्रेस उचलला. आई फोनवर म्हणाली, "आम्ही जुने कपडे बोहारणीला देऊन पातेली घ्यायचो, तू पैसे देऊन जुने कपडे घरात आणतेस." तिचंही चूक नाही. पण कापड बघून राहवलं नाही. गडद बाटलीहिरवा रंग, त्यावर मोहरीएवढी पिवळी फुलं, हाताला पाण्यासारखं मऊ. लेबलावर १०० टक्के व्हिस्कोस (रेयॉनचा प्रकार) लिहिलंय.

आता रड ऐका. फोटो चढत नाहीयेत, म्हणून शब्दांत सांगते. गळ्यापासून खालपर्यंत बटणं, लांब बाह्या, खांद्यात उशीएवढे पॅड. वरचा भाग सैल आणि सरळसोट. घेराचा जोड कमरेवर नाही, कमरेच्या खाली चांगला चार बोटं, आणि तिथून चुण्या सुरू. लांबी पोटरीच्या मध्यावर. मी पाच फूट एक इंच. घातला की खांदे कबड्डीपटूचे आणि खाली पाय आखूड. नवरा काही बोलला नाही, फक्त "घरात घालायला बरा आहे" म्हणाला.

जोडापाशी ड्रेसची गोलाई ९२ सेंमी भरली. कमरेला मला ८४ पुरेल. बाजूच्या शिलाया दाबून घेणार होते, पण बाजूला खिसे आहेत, दोन्हीकडे, चांगले खोल. खिसे घालवायचे नाहीत, मेले तरी. स्टेशनजवळच्या अल्टरेशनवाल्याने ३५ पौंड सांगितले, म्हणजे ड्रेसच्या पाचपट. घरी साधं मशीन आहे, लॉकडाउनमध्ये मास्क शिवायला घेतलेलं. त्यावर आजवर मास्क आणि उशांचे अभ्रे, बस्स. जमेल का?

पायमशीन
आधी बेल्ट लावून बघा. सगळ्या प्रश्नांवर उतारा.

थेम्सकाठी
लावला. बेल्ट कमरेवर, जोड त्याच्या खाली, आणि मधल्या भागात कापडाचा फुगा. दोन कमरा असल्यासारखं दिसतं.

डोंबिवली_फास्ट
डिसेंबरात घरी येणार असशील तर सरळ बॅगेत टाकून आण. आमच्या स्टेशनबाहेरचे अल्टरवाले दोनशे रुपयांत करून देतील, वर चहा पाजतील.

कुंदा_मावशी_नव्हे
दुसऱ्याने घातलेले कपडे मला तरी घालवत नाहीत. असो, ज्याची त्याची आवड.

उसवणावळ
चाळीस वर्षं शिवतेय, म्हणून जरा लांब लिहिते.

अगं, तू बाजूच्या शिलाईला हातच लावू नकोस. निदान खालच्या भागात तरी नको. तुझा ड्रेस सैल आहे हा दुय्यम प्रश्न. जोड चुकीच्या जागी आहे हे खरं दुखणं. उंची कमी असली की कमरेखालचा जोड पाय खातो. पोतं आवळलं तरी ते आवळलेलं पोतंच दिसतं.

तेव्हा वरचा भाग आणि घेर जोडापाशी उसवून वेगळे कर. खिसे घेरात आहेत ना? मग ते घेराबरोबर आपोआप वर जातील, त्यांच्या शिलाईला धक्काही नाही. ८ सेंमी कमी करायचे ते फक्त वरच्या भागातून. दोन्ही बाजूंना प्रत्येक थरात १ सेंमी, म्हणजे ४ झाले. उरलेले ४ पाठीत दोन टक्स (निमुळत्या शिवलेल्या घड्या) घालून, दर टक्समध्ये २. बाजूची टीप मुंढ्याकडे (बाही जोडलेली असते तिथे) जाताना शून्यावर आण, म्हणजे बाही उसवावी लागणार नाही. घेराचं काय, त्याला चुण्या आहेतच, थोड्या जास्त ओढल्या की ८४ होईल.

कंबर शोधायला परकराची नाडी घे. ड्रेस घालून वरून नाडी बांध, दोन्ही बाजूंना वाक. ती जिथे जाऊन बसेल तिथे तुझी कंबर. पुढून आणि पाठीतून जोडापर्यंतचं अंतर वेगवेगळं मोज, ते क्वचितच सारखं येतं. आणि मोजून सांग, बटणांमधलं अंतर किती?

थेम्सकाठी
उसवणावळ ताई, पायाच्या अंगठ्यापासून नमस्कार. पुढे ५ सेंमी, पाठीत साडेपाच. बटणांमध्ये बरोबर ७. पण बटणांचा काय संबंध?

उसवणावळ
तिथेच तर गोम आहे. पुढून ५ सेंमी काढलेस तर कमरेवरच्या दोन बटणांत ७ ऐवजी २ उरतील. बाकी सगळी सातावर आणि मध्येच दोन मुंग्या एकमेकींना चिकटल्यासारख्या. ५ वरून काढ आणि २ घेराच्या वरच्या कडेतून. एकूण ७, म्हणजे दोन बटणांमधलं एक अख्खं अंतर गेलं. कमरेजवळचं एक बटण काढून टाक, बाकीची रांग जशीच्या तशी. ड्रेसची लांबीही ७ ने कमी होईल, पोटरीवरून गुडघ्याखाली येईल. खालची दुमड उसवायची गरजच उरणार नाही.

दोन गोष्टी तपास. बटणपट्टी वर-खाली वेगळी आहे की जोडावरून सलग गेली आहे? आणि खिशाचं तोंड जोडापासून किती खाली सुरू होतं?

थेम्सकाठी
पट्टी वेगळी आहे, जोडापाशी शिलाई दिसते. खिसा ६ सेंमी खाली.

उसवणावळ
देवाची कृपा. सहातले दोन गेले तरी चार उरतात, खिसा वाचला. कर सुरू.

खडू_आणि_टाचणी
व्हिस्कोस आहे म्हणून दोन शब्द. काहीही कापण्याआधी एकदा धुऊन घ्या. हे कापड पाण्यात आटतं. आधी शिवून मग धुतलंत तर घेतलेली मापं पाण्यात गेली. ओलं असताना ते कमजोर असतं, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. मशीनला ११ नंबरची नवी सुई लावा. मास्क शिवलेली जुनी सुई धागे ओढेल. आणि कडा भसाभस सुटतात, कडा बांधायचं इंटरलॉक मशीन नसेल तर झिगझॅग मारा.

पाठीत अर्धा सेंमी जास्त आलाय, त्याचं काय करायचं तेही सांगते. बाजूच्या शिलाईवर पुढची खूण आणि पाठीची खूण एकाच ठिकाणी हवी. फरक पाठीच्या मध्याकडे जाता जाता हळूहळू वाढवायचा, सरळ रेघ मारायची नाही.

पायमशीन
एवढं करण्यापेक्षा कापून वरचा टॉप आणि खालचा स्कर्ट करा की. दोन कपडे होतील.

उसवणावळ
होतील, आणि दोन्ही कपाटात पडून राहतील. त्या कापडाची गंमत ते वरून खाली एकसलग आहे यात आहे.

थेम्सकाठी
लेबलाबद्दल एक विचारायचं राहिलं. मानेपाशी 'सेंट मायकेल' लिहिलंय आणि साइझ १६. मी एरवी १२ घालते, तरी हा मला वाटला तेवढा प्रचंड नाही.

मँचेस्टरवाले
सेंट मायकेल हे मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानाचं जुनं ब्रँडनाव. १९२८ ते २०००. म्हणजे ड्रेस पंचवीस वर्षांहून जुना, आणि पॅड बघता त्याहूनही मागचा असावा. जुनं १६ आजच्या १६ पेक्षा लहान निघतं, आकड्याकडे बघू नका, टेप लावा. शिलाई मात्र उसवताना कळेल, पुरेसं मार्जिन, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेलं असतं त्यात.

थेम्सकाठी
आणि खांदे? पॅड कापून काढून टाकू का आजच?

उसवणावळ
थांब! खांद्याचा उतार पॅड धरून कापलेला असतो. नुसता पॅड काढलास तर बाहीच्या टोकाला कापड लोंबेल आणि काखेत सुरकुत्या पडतील. नीट करायचं तर बाही उसवून खांद्याची शिलाई गळ्यापाशी शून्य आणि टोकाला एक सेंमी अशी तिरपी घ्यायची, मग बाही परत बसवायची. पहिल्याच ड्रेसला बाही बसवायला घेऊ नकोस, रडशील. जाड पॅड काढून तिथे पातळ लाव, अर्ध्या सेंमीचा, बाजारात मिळतो. नव्वद टक्के काम होतं.

चुण्यांचं लक्षात ठेव. मशीनचा टाका ४ वर कर, कडेपासून अर्धा सेंमी आणि एक सेंमी अशा दोन ओळी मार, फक्त बॉबिनचे (खालच्या रिळाचे) धागे ओढ. बटणपट्टीच्या दोन्हीकडे वीतभर सपाट ठेव, चुण्या बाजूला आणि पाठीत सार. पोटावर चुण्या आल्या की सगळी मेहनत फुकट. आणि वरचा भाग कापताना खडूच्या रेघेवर कात्री चालवू नकोस. रेघेखाली दीड सेंमी सोड. हे मी दरवर्षी कुणाला तरी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी रेघेवरच कापतं.

थेम्सकाठी *(नऊ दिवसांनी)*
झाला! सगळं आधी कच्च्या धावदोऱ्याने जोडून घालून पाहिलं, मगच मशीनवर घेतलं. जोड उसवायलाच दोन संध्याकाळी गेल्या. आत खरंच भरपूर मार्जिन होतं, आणि त्या जोडाच्या आत कापडाचा मूळ रंग दिसला, बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद. बाहेरून वाटलंच नव्हतं की विटलाय.

आता कंबर कमरेवर आहे, हात खिशात आहेत, आणि नवऱ्याने न विचारता "हा नवीन का?" म्हटलं. एकच घोळ. पाठीतल्या टक्सच्या वरच्या टोकाला बारीक फुगा येतोय, दोन्हीकडे. आरशात पाठ वळवून बघितलं की फुलांमध्ये दोन फुटकुळ्या.

खडू_आणि_टाचणी
टोकाशी टाका मागे-पुढे मारून पक्का केलात ना? तो करायचा नाही. शेवटचा दोन सेंमी उसवा. टीप घडीकडे अगदी हळू न्या, शेवटचे तीन-चार टाके घडीच्या धाग्यावरच पडू देत, मशीन कापडाबाहेर जाऊ दे. मग दोन्ही धाग्यांची हाताने गाठ. इस्त्री सपाट टेबलावर नको, टॉवेलची गुंडाळी करून तिच्यावर टोक ठेवा. व्हिस्कोस चमकतं, उलट्या बाजूने आणि वरून फडकं टाकून.

थेम्सकाठी
केलं. एक फुटकुळी गेली, दुसरी जवळजवळ गेली. ती मलाच माहीत आहे.

आता शेवटचा प्रश्न. जुने पॅड फेकवत नाहीत. आई म्हणते गॅसवरची पातेली उतरवायला छान आहेत, आकारही तसाच आहे.

उसवणावळ
आत फोम असेल तर गरम पातेल्याला चिकटून बसेल. आईला सांग, टाचण्या टोचायला ठेव.