पहाटेची अभ्यासिका: लवकर उठण्याने वेळ वाढतो की नुसता सरकतो?

मूळ मुद्दा: आंबा बागायतदार, गुहागर तालुका

आमच्या ग्रामपंचायतीची अभ्यासिका सध्या सायंकाळी पाच ते रात्री नऊ या वेळेत उघडी असते. ती वेळ बदलून पहाटे पाच ते सकाळी आठ अशी करावी, असा प्रस्ताव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. त्यामागची भूमिका येथे देतो; ज्यांना ती पटणार नाही त्यांनी आडपडदा न ठेवता विरोध करावा.

हापूसची तोडणी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर करावी, असा कृषी विद्यापीठाचा सल्ला आहे, आणि तो पाळायचा तर एप्रिल महिन्यात दिवस उजाडण्याआधीच कामाला लागावे लागते. झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी), क्रेट, शिडी अंधारात बागेत नेऊन ठेवायची, चौदा आणे तयार (पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधीचे) फळ फटफटताच देठासकट उतरवायचे आणि उन्हे चढायच्या आत सावलीत आणायचे, कारण तोडलेला आंबा तापलेल्या कातळावर पडून राहिला की आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) धरण्याची भीती असते. या कामाने मला लागलेली पहाटे उठण्याची सवय पुढे हंगाम संपल्यावरही टिकली. त्या वेळेत मी बागेचा हिशेब लिहितो, वाचतो, पुढच्या फवारणीचे ठरवतो. फोन वाजत नाही, दारात कोणी येत नाही, डोके ताजे असते. दुपारी जेवणानंतर जे काम रेटूनही सरत नाही, ते पहाटे तासाभरात हातावेगळे होते. याउलट सायंकाळच्या अभ्यासिकेत मुले वह्या उघडतात आणि लक्ष मोबाइलकडे ठेवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे वचन आपण सगळ्यांनी पाठ केले, पण आचरणात किती जणांनी आणले?

प्रतिसाद: मच्छीमार कुटुंबातील सदस्य, मालवण

काका, आपला अनुभव बागेचा आहे आणि बागेपुरता तो खरा आहे. परंतु तो साऱ्या किनारपट्टीला लावता येणार नाही. आमच्या घरात घड्याळापेक्षा तिथीला मान अधिक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास समुद्र पूर्ण भरतो. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे ज्या बायका ओहोटीला खडकावर कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला जातात, त्यांची ‘लवकर’ची वेळ या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरीच असते. जाळी संध्याकाळी सोडून पहाटे ओढणारा माणूस सकाळी दहाला झोपलेला दिसला, तर त्याला उशिरा उठणारा म्हणायचे की रात्रभर जागलेला? ‘उन्हे वर आली तरी हे लोळतात’ असे शेरे आमच्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे ऐकले, आणि ऐकवणाऱ्यांच्या ताटात त्याच रात्रीचा बांगडा असे.

जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते तेव्हा आमच्याकडेही सगळे वेळेवर झोपतात आणि वेळेवर उठतात. यावरून काय समजायचे ते आपण समजावे.

प्रतिसाद: माध्यमिक शिक्षिका, दापोली तालुका

मला हा प्रस्ताव मुलांच्या हिताचा वाटत नाही, आणि त्याची कारणे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 8 ते 10 तास झोप लागते, अशी निद्रातज्ज्ञांची शिफारस आहे. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिराने स्रवू लागते. त्यामुळे मूल नऊला अंथरुणावर पडले तरी त्याला त्या वेळी झोप लागेलच असे नाही. हा आळस नव्हे, शरीराच्या वाढीचा एक टप्पा आहे. आता हिशेब मांडून पाहा. पाचला अभ्यासिकेत पोहोचायचे म्हणजे साडेचारला उठणे आले, आणि 8 तास झोप पुरी व्हायची तर रात्री साडेआठला झोपणे आले. आपल्यापैकी किती घरांत साडेआठला जेवणे तरी उरकलेली असतात?

माझ्या वर्गात आडगावांतून येणारी मुले आहेत. गावात मुक्कामाला असलेली वस्तीची एसटी पहाटे सुटते आणि ती चुकली तर पुढची गाडी थेट दुपारची, त्यामुळे या मुलांना लवकर उठण्याचा उपदेश करण्याची गरजच नाही. ती वर्षभर उठतच असतात. त्यातली काही तिसऱ्या तासाला बाकावर हात ठेवतात, हातावर कपाळ टेकतात आणि वहीवर पेनाची रेघ घसरत खाली जाते. ज्या पहाटेचा आपण गौरव करीत आहात, तिची भरपाई ही मुले गणिताच्या तासाला करतात. राज्य शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, तेही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. लहानांसाठी जे मान्य झाले, ते दहावीच्या मुलाला लागू होत नाही असे समजण्याचे कारण मला दिसत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

बाई, मेलाटोनिनविषयी आपण सांगता ते मी नाकारत नाही. पण तेच संप्रेरक डोळ्यांवर उजेड पडत राहिल्याने आणखी लांबते, हेही तितकेच खरे आहे. मग रात्री बारापर्यंत मोबाइल चेहऱ्यासमोर धरणाऱ्या मुलाची बाजू आपण शरीरधर्माच्या नावाने का लढवता? आमच्या लहानपणी कंदील विझला की झोप येत असे. वय तेच होते. राहिला प्रश्न जेवणाचा, तर साडेआठला जेवणे उरकत नाहीत हा निसर्गनियम नाही, मालिका संपत नाहीत म्हणून तसे होते. मालवणच्या भावांचा मुद्दा मात्र मी बिनशर्त मान्य करतो. समुद्रावर जाणाऱ्याला माझा नियम लावण्याचा माझा इरादा नव्हता.

प्रतिसाद: घरून काम करणारा संगणक अभियंता, रत्नागिरी

माझे ग्राहक अमेरिकेत आहेत, त्यामुळे माझे काम रात्री दीडला संपते आणि मी साडेनऊला उठतो. म्हणजे झोप आठ तास आणि काम पूर्ण, तरीही शेजारी माझ्या आईला ‘मुलगा अजून उठला नाही का’ असे रोज विचारतात. पहाटे उठून दुपारी दोन तास ताणून देणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. लवकर उठण्याची सांगड आपण चारित्र्याशी घातली आहे, आणि माझा आक्षेप एवढाच आहे.

प्रतिसाद: आयुर्वेद वैद्य, अलिबाग

या चर्चेत ब्राह्ममुहूर्ताचा उल्लेख अजून कसा झाला नाही याचे नवल वाटले, म्हणून लिहितो. मी स्वतः लवकर उठण्याच्या बाजूचा आहे, पण ‘पहाटे पाच’ या आकड्याच्या बाजूचा नाही. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटे आधी सुरू होऊन 48 मिनिटे आधी संपतो, म्हणजे तो सूर्याला बांधलेला आहे, भिंतीवरच्या घड्याळाला नव्हे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि कोकण किनारा 73 अंशांच्या आसपास येतो. परिणामी आपला सूर्य घड्याळाच्या मानाने साधारण 38 मिनिटे मागे चालतो. मुंबईत स्वतंत्र मुंबई वेळ चालू होती ती याच कारणाने. जानेवारीच्या मध्यावर कोलकात्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तर आपल्याकडे सात वाजून गेलेले असतात. त्या दिवसांत कोकणातला ब्राह्ममुहूर्तच साडेपाचच्या पुढे लागतो, तेव्हा साडेचारला उठणारा मुलगा शास्त्राच्या दृष्टीनेही मध्यरात्रीनंतरच्या झोपेतूनच उठवला जात आहे.

दुसरे असे की ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटांनी ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश निरोगी माणसाला केला आहे, आणि रात्री जागरण घडले तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपून घ्यावे, असेही त्यांनीच सांगितले आहे. पहिला उपदेश भिंतीवर लावला जातो, दुसरा कोणाला ठाऊकही नसतो. शिमग्यात पालखी घरोघर फिरवणारे किंवा दशावताराचा प्रयोग उजाडेपर्यंत पाहणारे आपले लोक दुसऱ्या दिवशी लोळतात, तेव्हा ते नकळत शास्त्रच पाळत असतात. (माझ्या दवाखान्यात शिमग्यानंतर अपचनाचे रुग्ण का वाढतात, तो विषय वेगळा.)

मूळ लेखकाचे दुसरे उत्तर

वैद्यराज, 38 मिनिटांचा मुद्दा मला खरोखर नवा आहे. त्या हिशेबाने अभ्यासिका थंडीत सहाला आणि उन्हाळ्यात पाचला उघडण्याची दुरुस्ती मी प्रस्तावात करतो. मूळ आग्रह मात्र सोडत नाही. सायंकाळची वेळ वाया जाते हे माझे निरीक्षण आहे आणि त्याला अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही.

प्रतिसाद: गृहिणी, राजापूर तालुका

त्याला मी उत्तर देते. सायंकाळची अभ्यासिका ज्यांची वाया जाते त्यांची आपण पाहिली. ज्यांची जात नाही त्यांच्यात माझी मुलगी आहे. घरात दोन खोल्या, एकीत सासऱ्यांचा टीव्ही, दुसरीत धाकट्याचा दंगा. तिला शांतपणे बसता येते ते त्या चार तासांतच. पहाटेचा पर्याय तिला नाही, कारण पहाटे ती माझ्या हाताखाली असते. नळाला पाणी येते ते साडेपाचला आणि जाते सव्वासहाला. तेवढ्यात हंडे, बादल्या, वरची टाकी भरायची. एका चुलीवर पाणी तापत असते, दुसरीकडे गॅसवर भाकरी, मधेच पेज उतू जाते, गोठ्यातली म्हैस हंबरते आणि घरातल्या पुरुषांना सातला चहा लागतो. मी गेली कित्येक वर्षे पाचच्या आत उठते आहे. ज्ञान, आरोग्य, संपत्ती यांपैकी काही त्यातून भेटले असते तर मीही आपल्यासारखाच प्रस्ताव मांडला असता.

आपल्याला पहाटे फोन वाजत नाही आणि दारात कोणी येत नाही, असे आपण लिहिले आहे. त्या वेळी आपल्याला चहा कोण करून देते, हे मात्र लिहायचे राहिले. पहाटेचा वेळ शांत असतो तो ज्याला कोणी हाक मारत नाही त्याच्यासाठी. माझ्या पहाटेत मला आठ जण हाका मारतात, आणि माझा स्वतःचा म्हणावा असा वेळ असतो रात्री दहानंतर, भांडी घासून झाल्यावर. तेव्हा मी वर्तमानपत्र वाचते. कोणी ‘लवकर निजत जा, तब्येतीला बरे’ असे सांगितले की माझा तेवढाच तास जातो.

प्रतिसाद: माध्यमिक शिक्षिका, दापोली तालुका

ताईंच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन. माझ्याही वर्गात अभ्यास मागे पडणाऱ्यांत पहाटे घरकाम करणाऱ्या मुली अधिक आहेत.

मूळ लेखकाचे तिसरे उत्तर

चहा पत्नी करते, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. ती माझ्याही आधी उठते. तिला ही वेळ आवडते की नाही, हे विचारून लिहीन. सायंकाळची वेळ बंद करण्याचा भाग मी प्रस्तावातून काढतो. पण पहाटेची वेळ जादा म्हणून ठेवायला कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वीस-बावीस वर्षांची मुले गावात आहेत, त्यांना शाळेची घाई नाही आणि त्यांच्या वयाला बाईंचा नियमही लागू होत नाही.

प्रतिसाद: गृहिणी, राजापूर तालुका

हरकत नाही. फक्त थंडीत सहाला आणि उन्हाळ्यात पाचला कुलूप कोण उघडणार, केर कोण काढणार आणि त्याचे मानधन ग्रामपंचायत कोणत्या निधीतून देणार, हे तीन मुद्दे ठरावातच लिहून घ्या. नाहीतर ते काम शाळेच्या सफाई करणाऱ्या बाईंच्या गळ्यात पडेल, आणि त्यांना साडेतीनला उठावे लागेल.