खोकताना गळणारी लघवी आणि अचानक लागणारी घाई: एकाच शस्त्रक्रियेने दोन्ही थांबतील का?

निपाणीची लेक
नमस्कार. माझी आई 58 वर्षांची असून तिने तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. मांडीवर सूप घेऊन बसायचे आणि हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत लघवी दाबून धरायची, हीच तिची सवय. आता खोकला किंवा शिंक आली की थेंब गळतात. शिवाय अचानक घाई लागते आणि मोरीची कडी काढेपर्यंत साडी भिजते. लग्नकार्याला जाणे तिने सोडून दिले आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. गर्भपिशवी पूर्वीच काढलेली असल्याने "आता कसली पिशवी काढणार?" असे ती घाबरून विचारते. या पट्टीने दोन्ही त्रास जातील का?

परिचारिका, खानापूर
ताई, या शस्त्रक्रियेत कोणतीही पिशवी काढत नाहीत, हे आईंना आधी सांगा. खोकताना पोटातला दाब वाढतो आणि सैल पडलेला मूत्रमार्ग तो पेलू शकत नाही. अशा वेळी खालून आधार मिळावा म्हणून सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पॉलिप्रोपिलीनची पट्टी झोळीसारखी बसवतात. घाईचे कारण मात्र वेगळे आहे. तेथे मूत्राशयाचा स्नायू आपोआप आकुंचन पावतो, म्हणून पट्टी बसवूनही घाई तशीच राहू शकते आणि काही जणींत ती वाढते.

त्यामुळे यांतला कोणता त्रास जास्त आहे, हे ठरल्याशिवाय होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळ लिहा, आणि गळले तर खोकल्याने की घाईने, तेही लिहा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम किमान तीन महिने नीट केले आहेत का, हेही पाहा. जाळी योनीमार्गात उघडी पडणे, दुखत राहणे, लघवी अडणे हे धोके विचारून घ्या. याच तक्रारींमुळे इंग्लंडमध्ये 2018 साली या पट्टीचा वापर थांबवण्यात आला. पोटाच्या स्नायूवरील स्वतःच्याच आवरणाची पट्टी वापरण्याचा जुना पर्यायही आहे, पण त्यात जखम मोठी असते.

शहापूर, बेळगाव
माझा त्रास निव्वळ घाईचा होता. गोळ्यांनी तोंड कोरडे पडे आणि बद्धकोष्ठ होई, म्हणून शेवटी दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्स या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची 100 युनिट टोचली. आठ महिने मी निर्धास्त बसने फिरले. पहिले दोन आठवडे मात्र लघवी पूर्ण होत नव्हती आणि स्वतः नळी घालावी लागली. ती शक्यता आधी सांगून सिस्टरांनी शिकवून ठेवले होते, म्हणून धीर सुटला नाही. असर ओसरला की पुन्हा टोचावे लागते. माकडहाडाजवळच्या मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके देणारे यंत्रही असते. ते कायमचे बसवण्याआधी काही दिवस चाचणी घेतात, परंतु खर्च मोठा आहे. संमतिपत्र कानडीत असेल तर आईंना मराठीत ओळ न् ओळ समजावून घ्या, मगच सही करू द्या.

निपाणीची लेक
तीन दिवस लिहून ठेवले. अकरा वेळा गळले, त्यांतील आठ वेळा घाईने. हा कागद घेऊन पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जात आहोत आणि पट्टीआधी घाईवर उपचार करता येतील का, हे विचारणार आहोत. आई आता दर दोन तासांनी सूप बाजूला ठेवून उठते.