विषय: डिझेल ऑक्टाव्हिया – ६६ प्लेट की १८ प्लेट? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: निखिल

मंडळी,

एनईसीजवळचं (बर्मिंगहॅमचं प्रदर्शन केंद्र) काम नक्की झालं, पुढच्या महिन्यापासून सुरू. म्हणजे मिल्टन कीन्सहून एम-१, कॅथॉर्पला एम-६ आणि जंक्शन ४ ला बाहेर. एका बाजूला साधारण ६० मैल, आठवड्यातून चार-पाच दिवस. घरातली पेट्रोल गाडी सायलीकडे राहणार.

दोन गाड्यांवर येऊन थांबलोय. दोन्ही स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट (मागे लांब डिकीवाली), दोन्ही डिझेल, दोन्ही डीलरकडे, किमतीत फारसा फरक नाही. एक ६६ प्लेट (म्हणजे २०१६-१७ ची नोंदणी), १ लाख १८ हजार मैल, आधी कंपनीची, एकच मालक. दुसरी १८ प्लेट (२०१८ ची), ४१ हजार मैल, दोन मालक.

सायलीचं म्हणणं, लाखाच्या पुढे गेलेली गाडी दारात नको. मलाही १८ च बरी वाटतेय. शनिवारी बघायला जाणार आहे. मंदारदा, तुमचं काय मत? प्रसादचं झालं तसं माझं व्हायला नको.

निखिल


प्रेषक: प्रसाद

माझं काय झालं ते लिस्टवर सगळ्यांना पाठ आहे, दर वेळी दाखला द्यायलाच हवा का? ती गाडी वाईट नव्हती, गॅरेजवाल्याने वेळेत सांगितलं नाही.

आणि मुळात आजच्या काळात डिझेल कोण घेतं? सेकंडहँड इलेक्ट्रिक बघ. सर्व्हिसिंग तरी स्वस्त पडतं.


प्रेषक: निखिल

प्रसाद, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली रस्त्यावर. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि बाहेरच्या चार्जरवर २०, वर त्यांचा दर निराळाच. रोजचे १२० मैल बाहेर चार्ज करून परवडत नाही, हिशोब करून झालाय. आता प्रश्न फक्त ६६ की १८.


प्रेषक: मंदार

निखिल,

६६ घे. वहिनींना पटणार नाही हे माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझेल गाडीचा जीव तिच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या जाळीत असतो. एक्झॉस्टमधली काजळी त्या जाळीत साठते आणि ती जाळायला उष्णता लागते. मोटरवेवर जाळी आपोआप तापते. गावात फिरणाऱ्या गाडीत तेवढी तापत नाही, मग गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून ती ६०० अंशांच्या आसपास नेतो. हे व्हायला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालवावं लागतं. शाळा, दुकान, घर एवढंच करणाऱ्याने मध्येच इंजिन बंद केलं की काम अर्धवट राहतं. पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याचा त्रास टर्बोला होतो.

आता तुझ्या १८ कडे बघ. ४१ हजार मैल म्हणजे वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार. ती कुठे फिरली असेल ते तूच सांग. ६६ वाली फ्लीटची गाडी, गरम इंजिनावर, टॉप गिअरमध्ये, एका वेगाने चाललेली. क्लच कमी वापरलेला, ब्रेक कमी वापरलेले. कंपनीच्या गाड्यांची सर्व्हिसही ठरल्या वेळी होते, कारण पैसे दुसऱ्याचे.

अंदाजावर जाऊ नकोस. सरकारी साइटवर नंबर टाकला की एमओटीचा (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) सगळा इतिहास फुकट दिसतो, दर वर्षीच्या मैलांसकट. मैल सारखे वाढलेत की मध्येच आटलेत ते बघ. नंतर गाडीजवळ गेलास की पांढरा टिश्यू घे आणि एक्झॉस्टच्या नळीत आतून फिरव. जाळी धड असेल तर टिश्यू जवळपास कोरा निघतो. काळाकुट्ट निघाला तर जाळी फुटलीय किंवा कोणीतरी आतून पोकळ केलीय. पोकळ केलेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे आणि २०१४ पासून ती एमओटीलाही नापास होते.

डिपस्टिकही काढून बघ. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर किल्ली परत दे आणि चहा पिऊन घरी ये.

मंदार


प्रेषक: शिरीष

मंदारचं डीपीएफ-पुराण सुरेख, पण अर्धंच सांगितलंय. काजळी जळते, राख जळत नाही! इंजिन ऑइल थोडं थोडं जळतच असतं, त्याची राख जाळीत कायमची बसते. लाखभर मैलांनंतर जाळी राखेनेच भरत आलेली असते, तेव्हा मोटरवेवर कितीही पळवा. ती काढून साफ करायची नाहीतर नवी घालायची. नव्या जाळीचं बिल एकदा बघाच.

आम्ही या देशात आलो तेव्हा गाडी घेताना बॉनेट उघडून कान लावायचो, एवढंच. त्यात गाड्या वीस-वीस वर्षं चालायच्या. आता टिश्यू काय, कॉम्प्युटर काय.

माझ्या मते पेट्रोल हायब्रिड घे. माझी आहे, आवाज नाही, कटकट नाही.


प्रेषक: मंदार

काका, राखेचा मुद्दा अगदी बरोबर, म्हणूनच सर्व्हिसच्या बिलांवर ऑइलचा ग्रेड बघायचा. कमी राखेचं ऑइल घातलं असेल तर जाळी बरीच पुढे जाते. आणि राख किती भरलीय हे ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. निखिल, हे शनिवारी करूनच घे.

हायब्रिडबद्दल: गावात तिला तोड नाही. पण सलग ७० च्या वेगाला ब्रेक मारायची वेळच येत नाही, मग ब्रेकमधून बॅटरी भरणार कशी? तुमचं चालवणं लायब्ररी आणि मंडळाचा हॉल एवढं. त्याला ती गाडी उत्तम आहे.


प्रेषक: शिरीष

लायब्ररी आणि हॉल? मागच्या महिन्यात एडिंबराला कोण जाऊन आलं मग?


प्रेषक: स्वाती

काका, मंदार, तुमचं चालू द्या, मी फक्त आकडे मांडते.

वर्षाला २५ हजार मैल धरा. डिझेलला ५५ एमपीजी (गॅलनला मैल) धरलं तर साधारण २०७० लिटर लागतात. पेट्रोलला मोटरवेवर ४५ धरलं तर २५३० च्या आसपास. फरक ४६० लिटरचा, आणि त्यातला काही भाग डिझेलचा जास्तीचा दर खाऊन टाकतो. म्हणजे बचत आहे पण डोळे दिपण्याएवढी नाही. एखादं मोठं काम निघालं की वर्षाची बचत त्यात गेली. निखिलने कामाचं ठिकाण बदलणार नाही याची खात्री असेल तरच डिझेल घ्यावं.

रोड टॅक्समध्ये मात्र ६६ चांगलीच पुढे आहे. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा टॅक्स सीओटूवर ठरतो. किलोमीटरला ११० ग्रॅमच्या आत असेल तर वर्षाला २० पौंड. १८ प्लेटला सरसकट दर, म्हणजे दोनशेच्या जवळ. दोन्ही युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) असणार, कारण सप्टेंबर २०१५ पासून नव्या नोंदणीला ते सक्तीचंच झालं. तेव्हा प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शहरात रोज भरावे लागणारे लंडनचे १२.५० आणि बर्मिंगहॅमचे ८ पौंड दोन्हींना लागू नाहीत. तरी नंबर टाकून एकदा तपास. एनईसी तसंही बर्मिंगहॅमच्या झोनबाहेर आहे, पण शहरात जाणं होतंच.

इन्शुरन्सवाल्याला कम्यूटिंग आणि वर्षाचे खरे मैल सांग. स्वस्त पडावं म्हणून दहा हजार लिहिणारे या लिस्टवर आहेत. नाव घेत नाही.


प्रेषक: प्रसाद

दहा हजारच होतात माझे.

बाकी, ऑफिसला जायच्या मैलांचे पैसे एचएमआरसीकडून (टॅक्स खातं) परत मिळतात ना? मग पेट्रोल की डिझेल, काय फरक पडतो?


प्रेषक: स्वाती

नाही मिळत, प्रसाद. घर ते कायमचं ऑफिस हे स्वतःच्या खिशातून. ठिकाण तात्पुरतं, म्हणजे २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ चालणार नाही असं असेल, तरच दावा करता येतो. निखिलची नोकरी कायमची आहे. दर वर्षी रिटर्नच्या मोसमात मी हे लिहिते आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच.


प्रेषक: अश्विनी (लिस्ट व्यवस्थापन)

नमस्कार,

गाड्यांची चर्चा खरेदी-विक्रीच्या लिस्टवर न्यावी ही विनंती. ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे. हॉलच्या बुकिंगबद्दल परवा पाठवलेल्या मेलला एकाचंही उत्तर नाही आणि डीपीएफला रांग लागलीय.


प्रेषक: हेमंत

अश्विनीताई, मान्य, पण गाडीचा संबंध कार्यक्रमाशीही आहे. निखिल इस्टेट घेतोय. ढोल न्यायला दर वर्षी माझीच गाडी का? मागची सीट पाडली तर चार ढोल सहज बसतात. निखिल, टेप घेऊन जा आणि डिकीच्या तोंडाची रुंदी मोज.


प्रेषक: अश्विनी (लिस्ट व्यवस्थापन)

हेमंतदादा, ढोलांचं काम पथकाच्या ग्रुपवर ठरतं, या लिस्टवर नाही. आणि तुमची गाडी तुम्हीच देऊ केली होती, मिनिट्समध्ये आहे.


प्रेषक: निखिल

दोघांच्या एमओटीचा इतिहास काढला. ६६ चा: पहिल्या तीन वर्षांतच ७१ हजार, मग दर वर्षी थोडे थोडे कमी, पण खंड कुठेच नाही. शेरे फक्त टायर आणि ब्रेक पॅडचे. १८ चा: पहिल्या एमओटीला १९ हजार, पुढे वर्षाला चार-साडेचार, एका वर्षी तर हजारही नाहीत. आणि एका एमओटीला एमिशनवर नापास, दोन दिवसांनी पास.

मंदारदा, या नापासचं काय समजायचं?

सायलीला दाखवलं. ती म्हणाली, हजार मैल म्हणजे गाडी उभीच होती, मग चांगलीच असेल ना.


प्रेषक: मंदार

उभ्या गाडीचं रबर, बॅटरी आणि ब्रेकच्या डिस्क वयाप्रमाणे जातातच, मैल होवोत न होवोत. आणि दोन दिवसांत पास म्हणजे बहुतेक कोणीतरी हायवेवर नेऊन दणकून पळवून आणली असणार. म्हणजे जाळी चोंदत होती. दुसरं कारणही असू शकतं, नाही असं नाही, पण मग डीलरने दुरुस्तीचं बिल दाखवायला हवं. बिल नसेल तर सोड ती.

६६ बद्दल तीन गोष्टी विचार. टायमिंग बेल्ट बदललाय का? तो मैलांवर ठरतो तसा वर्षांवरही ठरतो, आणि ६६ प्लेटच्या गाडीला नुसतं 'मैल झाले नाहीत' हे उत्तर चालत नाही. क्लच आणि फ्लायव्हील मूळचं आहे की बदललेलं? थंड इंजिनावर, न्यूट्रलला, क्लच सोडताना खडखड ऐकू आली तर फ्लायव्हील गेलंय. आणि ॲडब्लू (एक्झॉस्टचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते द्रव) आहे का? डिझेलच्या झाकणाजवळ निळं झाकण बघ. युरो ६ असली तरी प्रत्येक गाडीला ते असतंच असं नाही. असेल तर ते संपू द्यायचं नाही, कारण आकडा शून्यावर आला की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

हे सगळं मी का ताणतोय? तुझ्या रस्त्यावर एम-६ ला जंक्शन २ ते ४ पर्यंत हार्ड शोल्डर (बंद पडलेली गाडी थांबवायची कडेची पट्टी) नाही. एम-१ वरही तुझ्या टप्प्यात बराच भाग तसाच आहे. गाडी लिंप मोडमध्ये गेली (बिघाड झाला की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कमी करतो) तर रस्त्याकडेच्या पुढच्या नारिंगी आसऱ्यापर्यंत, म्हणजे अडचणीत थांबायच्या जागेपर्यंत, ती कशीबशी न्यावी लागते आणि मागून लॉऱ्या अंगावर येत असतात. प्रसादला विचार.


प्रेषक: प्रसाद

जंक्शन ३ च्या थोडं पुढे. पाऊस. वेग ३० च्या वर जाईना आणि डाव्या लेनमध्ये मागून हॉर्न. इतकंच सांगतो. आणि हो, ती गाडी घेतली तेव्हा २८ हजार मैलांचीच होती. पण मुद्दा गॅरेजचा होता, मैलांचा नाही.


प्रेषक: शिरीष

प्रसाद, मुद्दा मैलांचाच होता रे.


प्रेषक: स्वाती

निखिल, पैसे देताना थोडी तरी रक्कम क्रेडिट कार्डाने दे, डिपॉझिट असलं तरी चालेल. गाडीची किंमत १०० ते ३०,००० पौंडांच्या मध्ये असेल तर पूर्ण व्यवहाराला कलम ७५ चं संरक्षण मिळतं, म्हणजे डीलरइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. डीलरकडून घेतोयस, तेव्हा दोष निघाला तर ३० दिवसांत परत करण्याचा हक्कही आहे. खाजगी माणसाकडून घेतली असती तर यातलं बरंचसं मिळालं नसतं. आणि कंपनीची गाडी आहे, तर फायनान्स बाकी नाही ना हे तपासून घे. लॉगबुकवर नाव असतं ते रजिस्टर्ड कीपरचं, मालकाचं असेलच असं नाही.


प्रेषक: निखिल

ठरलं, शनिवारी साडेदहाला ६६ बघायला जातोय. डीलरला आदल्या रात्रीपासून इंजिन थंड ठेवायला सांगितलंय, बरं म्हणाला. बेल्टचं बिल आहे असं फोनवर म्हणाला, बघितल्याशिवाय डिपॉझिट देत नाही. सायली येणार आहे, टिश्यू तीच आणणार.

ओबीडी रीडर कोणाकडे आहे?


प्रेषक: हेमंत

माझ्याकडे आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर घेऊन जा. फोनवर आधी ॲप टाकून ठेव, फुकटच्या ॲपमध्ये डीपीएफचे आकडे दिसत नाहीत, पैसे भरावे लागतात. टेप पण देतो.


प्रेषक: अश्विनी (लिस्ट व्यवस्थापन)

हॉलच्या बुकिंगला अजूनही कोणी होकार दिलेला नाही. शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय.