ब्लूज कळतो, फंक मात्र हातातून निसटतो: नेमके काय ऐकावे?

निळासूर:
गेली अनेक वर्षे मी मनापासून ब्लूज हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा संगीतप्रकार ऐकते आहे. बी. बी. किंग यांचे 'लाइव्ह ॲट द रीगल' हे १९६४ साली शिकागोमध्ये ध्वनिमुद्रित झालेले सादरीकरण माझे सर्वांत आवडते. किंग गात असतात तेव्हा त्यांची गिटार गप्प असते आणि ओळ संपली की तीच पुढचे बोलू लागते. ही देवाणघेवाण मला कधीच शिळी वाटत नाही. त्याच परंपरेतले सोलही आवडते, कारण तिथे आवाजाला धरून चालता येते. त्याच परंपरेतल्या फंकपाशी मात्र मी अडते. ब्लूजमध्ये तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) बारा बारमध्ये (तालाच्या आवर्तनांत) फिरून घरी परततात, याची कानाला सवय झाली आहे. फंकमध्ये एकच तुकडा वाजत राहतो आणि गाणे पुढे कधी सरकणार याची मी वाट पाहत बसते. जाणकारांनी आपापल्या आवडीची ध्वनिमुद्रणे सुचवावीत आणि त्यांत कुठे कान द्यायचा तेही सांगावे.

ठेकाप्रेमी:
आपली अडचण मला अगदी ओळखीची वाटते, कारण मीही फंकमध्ये चाल शोधत होतो. फंक गायक जेम्स ब्राउन यांचे १९६७ चे 'कोल्ड स्वेट' हे गाणे घ्या. त्याचा मुख्य भाग जवळजवळ एकाच कॉर्डवर उभा आहे, म्हणजे जी हालचाल आपण सुरांत शोधतो ती त्यांनी तालात नेऊन ठेवली आहे. ब्राउन आपल्या वादकांना 'द वन', म्हणजे पहिली मात्रा, ठामपणे वाजवायला सांगत. ती आपली सम समजा, आणि दोन समांच्या मधे काय घडते ते ऐका. क्लाइड स्टबलफील्ड यांच्या ड्रमवर चार मात्रांपैकी दुसऱ्या मात्रेचा स्नेअर (ड्रमसंचातला खणखणीत ढोल) जागच्या जागी पडतो, पण चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला आघात अर्धी मात्रा उशिरा येतो. एवढ्या एका उशिराने सगळा ठेका पुढे झुकतो आणि पुढची सम अधिक वजनाने अंगावर येते. पहिल्यांदा फक्त ड्रम ऐका, दुसऱ्यांदा फक्त बास (खालच्या सुरांची गिटार), तिसऱ्यांदा फक्त हॉर्न (ट्रम्पेट, सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्ये). प्रत्येक वाद्याकडे एक छोटासा तुकडा आहे आणि कोणीही दुसऱ्याची जागा अडवत नाही. गिटारसुद्धा इथे तालवाद्यासारखीच वाजते.

जुनीतबकडी:
वरील सूचना योग्यच आहे, पण ब्लूजमधून थेट तिथे उडी मारण्याऐवजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरामार्गे जावे असे मला वाटते. तिथल्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीचा स्टुडिओ एका जुन्या चित्रपटगृहात होता आणि त्याची जमीन उतरती होती. बुकर टी. अँड द एमजीज हा तिथला वादकसंच, आणि सोल गायक ओटिस रेडिंग यांचे १९६६ चे 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' हे त्या जागेचे माझ्या लेखी सर्वोत्तम काम. मूळ गाणे १९३२ चे, संथ आणि हळवे. इथेही सुरुवात हॉर्नच्या मंद सुरांनीच होते. मग या संचाचे ड्रमवादक अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर घड्याळासारखी टकटक सुरू करतात, आणि रेडिंग यांचा आवाज अजून विनवणीच करत असताना खालचा ताल हळूहळू तापू लागतो. शेवटी गायकाकडे शब्द उरत नाहीत, तो नुसत्या अक्षरांवर तालाशी झुंजतो. तिथे सोल आणि फंक यांच्यातली भिंत मला तरी दिसत नाही. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९६७ रोजी, विमान अपघातात रेडिंग गेले तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते; हे गाणे ऐकताना त्याची आठवण प्रत्येक वेळी होते.

मंद्रसप्तक:
बासकडे कान वळवायचा असेल तर डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीतील बासवादक जेम्स जेमरसन यांना विसरू नये. ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडत. गायक मार्विन गे यांच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमपूर्वी मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे सहसा छापली जात नसत, त्यामुळे या माणसाला असंख्य लोकांनी नाव न कळताच ऐकले आहे.

निळासूर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' आधी ऐकले आणि ती टकटक सुरू होताच बसल्या जागी ताठ झाले. त्यानंतर 'कोल्ड स्वेट' सांगितल्याप्रमाणे तीन वेळा लावले. पहिल्या वेळी तो उशिरा येणारा आघात माझ्याकडून निसटला. दुसऱ्या वेळी बोटांनी मात्रा मोजल्या, तेव्हा चौथ्या मात्रेवर माझे बोट टेबलावर आपटले आणि स्नेअर त्यानंतर वाजला. तिसऱ्या वेळी मोजणे सोडून दिले, तरी बोट बरोबर थांबले.