गरोदर असल्याचं सांगितल्यापासून राजीनाम्यासाठी दबाव (सोलापूर) – मदत हवी आहे

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी सहा वर्षं बिलिंगला आहे. पगार २४,०००, त्यामुळे ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात नाही. पहिलंच बाळ आहे, पाचवा महिना संपत आलाय. डॉक्टरांनी १८ जून तारीख दिलीय.

गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपवून कामावर आले त्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी नवा मुलगा आणून बसवला, "याला सगळं शिकव." मी शिकवलंही. ई-वे बिल कसं काढायचं, कुठल्या पार्टीचा माल कुठल्या ट्रान्सपोर्टनं जातो, सगळं. मग पगारवाढ झाली ती ऑफिसातल्या तिघा पुरुषांना. मला म्हणाले, तू आता सुट्टीवरच जाणार ना.

परवा शनिवारी केबिनमध्ये बोलावून टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे." खाली माझं नाव, तारखेची जागा मोकळी. सही केलीस तर दोन पगार जादा, नाहीतर कामात चुका दाखवून काढावं लागेल, असं स्पष्ट बोलले. घरी विचारून सांगते म्हणाले, तर कागद परत ठेवून घेतला. आजपासून मला गोडाऊनला माल मोजायला लावलंय, दिवसभर उभ्यानं.

मिस्टर यंत्रमागावर आहेत. सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. त्या म्हणतात, मालकाशी भांडून कुणाचं भलं झालंय, पैसे घे आणि मोकळी हो. मला नोकरी सोडायची नाही. काढायच्या आधीच काही करता येतं का? शिवाय माझ्या लेटरवर हुद्दा "असिस्टंट मॅनेजर" आहे. मॅनेजरला कामगार कोर्ट नसतं म्हणतात, खरं का?

प्रतिसाद

ताई, त्या कागदावर सही करू नका. माझं सगळं सांगणं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. मी कामगार कोर्टात वकिलांच्या हाताखाली अकरा वर्षं टायपिंग केलंय. काढून टाकलेल्या माणसाची केस उभी राहते, पण "स्वखुशीने" लिहून दिलेल्याला आधी ती खुशी नव्हती हे सिद्ध करत बसावं लागतं.

दोन पगारांचा हिशोब सासूबाईंनाही सांगा. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर हक्क लागू होतो. तुम्हाला ईएसआय नाही, म्हणजे ते पैसे मालकाच्या खिशातून जाणार. दबाव त्याचाच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता (कामगार कायदे) आल्या, पण हा हक्क तसाच आहे. बाळंतपणाच्या रजेमुळे किंवा त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. गरोदरपणी आधीच काढलं तरी रजेचे पैसे बुडत नाहीत, गंभीर गैरवर्तन सोडून. म्हणूनच "चुका" शोधतील. मेमो आला की त्याच दिवशी लेखी उत्तर द्या.

हुद्द्याची काळजी नको. कोर्ट पाटी बघत नाही, रोजचं काम बघतं. तुमच्या हाताखाली कुणी आहे का, रजा तुम्ही मंजूर करता का, हे विचारतात. बिलं करणं हे कारकुनी काम आहे. तुमच्या नावानं निघालेल्या बिलांच्या तारखा, हजेरी, पगार जमा झालेलं पासबुक आणि व्हॉट्सअॅपवरचे कामाचे मेसेज घरी जपून ठेवा.

काढण्याआधी जाता येतं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली प्रत्यक्ष काढण्यापूर्वीही तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये मान्य केलंय. त्यात मुदत ९० दिवसांची आहे. नव्या संहितांनंतर अर्ज कुठल्या कलमाखाली टाकायचा ते वकील ठरवतील, तुम्ही शनिवारपासून दिवस मोजायला लागा. रजेचा हक्क नाकारला तर अपिलाला ६० दिवसच असतात. पगारवाढीतला भेदभाव सहायक कामगार आयुक्तांकडे वेगळ्या अर्जात मांडा.

वकिलाची फी नको. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आधी मात्र एक पत्र: मी गरोदर आहे, अंदाजे तारीख अमुक, अमुक दिवशी राजीनाम्याचा कागद पुढे केला, मी राजीनामा देणार नाही. स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती जपा. उभ्यानं करायच्या कामाबद्दलही त्यातच लिहा. तुमच्या तारखेनुसार साधारण ७ एप्रिलपासून महिनाभर, मागणी केली तर, तासन्‌तास उभं ठेवता येत नाही. त्याआधीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार, दादा. सासूबाईंना वाचून दाखवलं. २६ आठवड्यांचे पैसे किती होतात ते त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, उद्या पोस्टात मी येते बरोबर. पत्र लिहून झालंय. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली तर चालेल ना, की मूळ प्रतच लागते?